विश्वासरावांच्या दाढेवरची कत्तल

अकोट्याच्या विश्वासरावांच्या शेवटच्या दाढेवर मृदुला राहायची. नावावर जाऊ नका. दात पोखरणारा जंतू होती ती, आणि तिच्या पाच बहिणी आत्ताच तिच्या डोळ्यांदेखत जळून मेल्या होत्या.

जाळल्या देवश्रीच्या टोळीनं. तीही जंतूच, पण निरुपद्रवी, दाढेची जुनी मालकीण. पार्लरमध्ये केस उजळायला लावतात ना, तसलं जळजळीत पाणी ती पिचकारीसारखी उडवायची.

"चालती हो, सटवे! थुंकीबरोबर पोटात जा!"

"जाते कसली! इथंच तुझं मढं पाडते," मृदुला म्हणाली खरी, पण पाडणार कशानं? विषाची कृती तिच्या पोटातल्या लांबलचक दोऱ्यात लिहिलेली होती, पण कुलूपबंद. ढीगभर बहिणींनी मिळून हाका मारल्या, तरच ते उघडायचं. आणि उरल्या होत्या तिघी!

तेवढ्यात विश्वासरावांनी साखरेचा मुखवास तोंडात टाकला.

"अहो, सकाळपासून बारावा चमचा!" त्यांची बायको कांचन करवादली.

"पचनाला चांगला, एकदम सारो असतो गं," म्हणत राव गालात धरून चघळत बसले.

साखर लागली तसं मृदुलाचं दुसरंच कुलूप खटकन उघडलं. तिनं साखरेचा डिंक करून बहिणींना दाढेला घट्ट चिकटवलं; त्याआड देवश्रीचं पाणी पोचेना. रावांचे चमचे चालूच. एकीच्या दोन होत होत संध्याकाळपर्यंत तिघींच्या तीन लाख झाल्या, गरब्याला नसते अशी गर्दी! सगळ्या एकदम ओरडल्या आणि विषाचं कुलूप उघडलं.

मग काय विचारता! देवश्रीच्या पोरी फटाफट फुटल्या, दाढभर नुसती आतडी. मृदुलानं देवश्रीला भोकसलं, तिच्या पोटातला दोरा ओढला आणि शेवयांसारखा सुरकन गिळला; त्यात लिहिलेल्या कृती आता तिच्या.

"बास गं पोरींनो, दाढ आपली झाली!"

पण हाका थांबेनात. त्याच हाकांनी आणखी एक कुलूप उघडायचं, आपलंच पोट फाडणाऱ्या विषाचं. ते कुणाच्या आत उघडेल, नेम नसे. मृदुलाच्या पोटात कळ आली.

"ओरडू नका! अगं, मी मरतेय!"

लाखो जणी आणखी जोरात ओरडल्या. मृदुला टर्रकन फाटली, आणि तिच्या दोऱ्यावर बहिणी तुटून पडल्या.

"दोरा सोड, मी आधी धरलाय!"

"तुझा काय संबंध? माझी सख्खी होती ती!"

दोघींनी दोन टोकं ओढली, आणि मधला तुकडा तिसरीनं पळवला.