कानाने मोजलेले पाणी

सतरंजीच्या मध्यभागी एकच भांडे होते आणि त्याच्याभोवती तिसरीची तेवीस मुले गप्प बसली होती.

ते भांडे म्हणजे बुडाशी चेपलेला जर्मनचा एक गडवा. त्याच्यासमोर मैना मांडी घालून बसली होती. कालपर्यंत याच सतरंजीवर पितळी गुंड, चरव्या, गंज, तांबे यांची एवढी दाटी असे की पाय ठेवायला जागा शोधावी लागे. आज बाकीची बावीस मुले आपापल्या मोकळ्या तळहातांकडे पाहत होती.

"भांडी कुठे आहेत तुमची?" रागिणीबाईंनी विचारले.

कोणी बोलेना. आठ वर्षांच्या मुलांना अशी शांतता स्वतःहून जमत नाही. ती त्यांना घरून बांधून दिलेली होती, भाकरीसारखी. अखेर खुशालरावांच्या नातवाने, पियुषने, सतरंजीचा एक धागा ओढत म्हटले, "आजी नाई देत म्हने."

"काहून?" हा प्रश्न बाईंनी विचारला नाही, शेजारच्या निखतने विचारला.

"गुंड बाटला म्हने. चिंच अन् राख लावून तीनदा घासला. तरी चुलीपाशी नाई घेतला. ढोराच्या कोठ्यात ठेवून देल्ला."

मैनाने हात पुढे केला आणि सतरंजीवरचा आपला गडवा हळूच जवळ ओढून घेतला.

हे गाव दर्यापूर तालुक्याच्या खाऱ्या पट्ट्यातले. येथे कोठेही खणा, पाणी खारेच लागते. त्यात डाळ शिजत नाही आणि तहान तर अधिकच वाढते. गोडे पाणी आठ दिवसांतून एकदा नळाने येई आणि शाळेमागच्या उंच टाकीत साठे. साल दोन हजार सहा. त्या वर्षी जिल्ह्यात सरकारी गाड्यांची वर्दळ फार होती. साहेब लोक घराघरांतल्या शेतकऱ्यांच्या मरणांची चौकशी करीत, कागद भरून नेत, आणि गाव पुन्हा आपल्या धुळीत एकटे पडे. टाकीच्या तोटीपाशी मात्र कोणी कसलीच चौकशी केली नाही. तेथली रीत त्या टाकीहूनही जुनी होती.

नाल्यापलीकडच्या मातंगवस्तीतल्या बायकांनी तोटीला हात लावायचा नसे. गावातली एखादी बाई आपले भरून झाल्यावर मर्जी असेल तर तोटी सोडी आणि मर्जीनेच बंद करी. पंचफुला आणि तिची मैना आपला गुंड टाकीखाली ठेवून चार पावले मागे उभ्या राहत. गुंड वाहून ओंजळभर पाणी सांडले तर बोलणी खावी लागत. कमी भरला तर पुन्हा मागता येत नसे. चार पावलांवरून गुंडाच्या तोंडातले काही दिसत नाही. म्हणून मैना ऐकायला शिकली होती. भरत येणाऱ्या भांड्याचा स्वर कसा चढत जातो, काठाशी येताना तो कसा बारीक होतो, हे तिच्या कानांना पाठ झाले होते. नेमक्या त्या क्षणी ती म्हणे, "बस, काकू." आणि तोटी बंद होई तेव्हा पाणी काठाशी थरथरत असे, सांडत नसे.

रागिणीबाई दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून या शाळेत आल्या. हातांनी शिकलेले विसरत नाही, हे त्यांनी नुसते प्रशिक्षणात ऐकले नव्हते. मनापासून मानले होते. त्यांनी वर्गातले बाक भिंतीला लावले आणि सतरंजी अंथरली. चिंचोक्यांचे दशक झाले, निंबाच्या काड्यांचे शतक बांधले गेले, काडेपेट्यांची घरे उभी राहिली. पाढ्यांना घाबरून शेतात पळणारी पोरे सुट्टी झाली तरी वर्गातून उठेनात. मग धारकतेचा पाठ आला, आणि बाईंनी सांगितले, प्रत्येकाने घरून एक भांडे आणा. एका गुंडात गडवे किती, एका गडव्यात पेले किती, ते ओतून पाहू.

त्या ओतण्यातच मैनाचा खेळ निघाला. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, दुसऱ्याने भांड्यात पाणी ओतायचे, आणि डोळे बांधलेल्याने ते काठाला येताच 'बस' म्हणायचे. सगळ्यांचे सांडले. मैनाचे पाच वेळा सांडले नाही.

"कसं ओळखतेस गं?" बाईंनी तिला जवळ घेऊन विचारले होते.

"भरत आलं का पानी बारीक बोलते, म्याडम. रिकामं असलं का जाड बोलते."

ध्वनीचा जो धडा मुलांना पुढच्या इयत्तांत कधीतरी भेटला असता, तो या पोरीने टाकीखाली उभ्या उभ्या गोळा केला होता. मग मैनाच सगळ्यांना शिकवू लागली. निखतचा कान तिने चरवीला लावला. पियुषच्या गुंडात तिने मनगटापर्यंत हात बुडवून पाण्याची पातळी दाखवली: "थांब, बाप्पा, इतक्यात नोको म्हनू. आता पाह्य. झाला का नाई बारीक?" पियुषचे पाणी सांडले नाही तेव्हा तो आनंदाने ओरडला होता.

त्याच दिवशी बाईंनी मैनाला म्हटले, "जिल्ह्याचे पाहुणे येणार आहेत आपली शाळा पाहायला. त्या दिवशी हा खेळ तू दाखवायचा. डोळेही तूच बांधायचे आणि पुढे सगळ्यांना ओतायलाही तूच शिकवायचं."

"मीच ना म्याडम? नक्की?"

"नक्की. माझा शब्द."

घरी जाऊन पियुषने आपला पराक्रम आजीला सांगितला. मैनाने गुंडात हात घालून कसे शिकवले, हेही मोठ्या कौतुकाने सांगितले. लेकराने आनंद सांगितला. घराने त्यातला हात तेवढा ऐकला. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट दारोदार पोचली, आणि सकाळी सतरंजी रिकामी राहिली.

मधल्या सुट्टीत खुशालराव आले. ते ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष. आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मुख्याध्यापक गोवर्धन सरांना व्हरांड्यात बोलावले, बाईंना खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.

"म्याडम, तुमी चांगलं शिकवून राहिल्या. मी कधी नाई म्हटलं का?"

"नाही."

"मी सोता जातपात मानत नाई. माह्या पोराच्या लग्नात पंचफुलाचा नवरा डफडं वाजवाले होता. पोटभर जेवूनच गेला. पन हे तोंडाले लावाचं पानी हाय."

त्याला जेवायला कोठे बसवले होते, हा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला आणि तेथेच वाळला.

"खेळ आहे तो, खुशालराव. नंतर ते पाणी आम्ही झाडांना घालतो."

"खेळ शाळेत राह्यते, म्याडम. भांडं घरी येते."

खुशालराव समजुतीच्या सुरात पुढे म्हणाले, "पोरीले काढा म्हनतो का मी? बसू द्या, शिकू द्या, नाव काढू द्या गावाचं. फक्त तिले कोरडं काम द्या. नाई तर सोमवारी पाहुने येतीन, अन् तुमच्या सतरंजीवर ती एकटीच असंन."

ते गेल्यावर गोवर्धन सर हळूच म्हणाले, "एका लेकरासाठी बावीस लेकरांचा खेळ मोडू नका, म्याडम. गावात राह्याचं हाय आपल्याले."

रागिणीबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर ही कथा लिहायची गरजच पडली नसती. तशी माणसे ओळखू येतात आणि त्यांच्यापासून सावध राहता येते. बाईंनी दोन वर्षे खपून उभा केलेला वर्ग डोळ्यांपुढे आणला. तो मोडलेला त्यांना पाहवेना. आणि मग त्यांनी ते केले जे भली माणसे अशा वेळी करतात: अपमानाला त्यांनी मानाचे नाव दिले.

"मैना, उद्यापासून तू फळाप्रमुख," त्यांनी घंटा होण्याआधी तिला सांगितले. "कोणाच्या गुंडात किती लिटर, ते तू फळ्यावर लिहायचं. तुझं अक्षर किती छान आहे!" त्यांनी तिच्या हातावर कोराकरकरीत, अखंड खडू ठेवला.

मैना हरखली. मग तिने मान वर केली. "अन् पाहुने येतीन तवा?"

"बघू हं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भांडी परत आली. घासून लखलखीत.

नाल्यापलीकडे पंचफुला अंगणात शिंदीची पाने चिरून केरसुण्या बांधत बसली होती. मैनाची बोटे तिला लांबूनच पांढरी दिसली.

"हात दाखव बरं. पान्यात नाई घातले वाटते आज?"

"मी आता लिवतो, माय. फळाप्रमुख झाली मी. सगळ्याइची मापं मीच लिवतो."

पंचफुलाचा कोयता थांबला. "म्हंजे शाळेतबी तुले चार पावलं मांगं उभं केलं."

"नाई वं! तुले काई समजत नाई. सोमवारी पाहुने आले का मीच दाखवनार हाय खेळ. म्याडमनं शब्द देल्ला मले."

"म्याडमचा शब्द!" पंचफुला हसली, पण लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते हसू आवरले. "मंग मीबी येतो पाहाले. तुह्या बापाले म्हनतो, चाल डफडं घेऊन, पोरीची मिरवनूकच काढू."

"डफडं नोको आनू, माय. आवाज आयकू येत नाई मंग पान्याचा."

सोमवारी सकाळी पंचफुलाने आपला गुंड चिंच आणि राख लावून घासला. तीनदा घासला. मैनाने तो कडेवर घेतला आणि शाळेपर्यंत धुळीला टेकू दिला नाही.

वर्ग सजला होता. दाराशी खुर्चीवर खुशालराव, त्यांच्या शेजारी गोवर्धन सर. जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्या बाई वयाने मोठ्या, सुती साडीतल्या. त्या खुर्ची बाजूला सारून मुलांबरोबर सतरंजीवरच बसल्या. पंचफुला आत आली नाही. ती फाटकाजवळ निंबाखाली उभी राहिली. उघड्या दारातून तिला फळा दिसत होता.

मैना गुंड घेऊन सतरंजीकडे निघाली. रागिणीबाई लगबगीने पुढे झाल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"तू फळ्याजवळ, बाळ. गुंड तिकडे कोपऱ्यात ठेव."

"पन म्याडम, तुमी तं..."

"आज नको. नंतर सांगते मी तुला. शहाणी ना तू?"

मैनाने गुंड कोपऱ्यात ठेवला. बाईंनी तिच्या हातात नवा खडू दिला आणि लगेच पाठ वळवली. त्यानंतर बराच वेळ त्यांनी फळ्याच्या दिशेने पाहिलेच नाही.

खेळ सुरू झाला. रुमाल पियुषच्या डोळ्यांवर बांधला गेला. निखत चरवीने त्याच्या गुंडात पाणी ओतू लागली. सगळा वर्ग श्वास धरून ऐकत होता. पाणी आधी जाड बोलले, मग मध्यम, मग बारीक होत गेले. फळ्याजवळ मैनाचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पियुष भांबावून मान इकडेतिकडे करीत राहिला. "बस" असे तो म्हणाला तेव्हा पाणी काठावरून उतरून सतरंजीभर पसरले होते.

पुन्हा केले. पुन्हा सांडले. पियुषने रुमाल ओढून काढला. त्याचे डोळे भरले होते. "ते शिकवते तवाच जमते मले," तो पुटपुटला.

"कोण शिकवतं?" पाहुण्या बाईंनी हसून विचारले. "कोणी शोधला हा खेळ?"

वर्ग गप्प झाला. ही तीच शांतता होती, घरून आलेली. खुशालरावांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. गोवर्धन सर छताच्या पत्र्यांकडे पाहू लागले.

"मैनानं," निखत म्हणाली. तिच्या हातातली चरवी अजून निथळत होती. "तिच्यासारखं कोनालेच नाई येत. पन तिले पान्याले हात नाई लावू देत आता."

पाहुण्या बाईंनी निखतकडे पाहिले, मग रागिणीबाईंकडे, आणि मग फळ्यापाशी उभ्या असलेल्या त्या मुलीकडे, जिची दहाही बोटे खडू घट्ट धरून पांढरी झाली होती.

"इकडे ये, मैना. मला सांगशील, पाणी काठाला आलं हे तू कसं ओळखतेस?"

मैना जागची हलली नाही. तेव्हा कोठे रागिणीबाईंनी त्या सकाळी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत लाज होती आणि याचना होती. दोन वर्षांचा वर्ग त्या क्षणी एका आठ वर्षांच्या मुलीच्या उत्तरावर टांगला होता. तिने ते उत्तर दिले असते तर सगळे निभावून गेले असते. बाई एक पाऊल पुढे झाल्या. दाराशी खुर्ची करकरली. बाई थबकल्या.

"सांग ना, मैना," त्या म्हणाल्या. "तुला येतं ना? तिथूनच सांग."

तिथूनच.

मैनाने बाईंकडे नीट पाहिले, जसे ती टाकीखाली तोटी धरणाऱ्या हाताकडे पाही. मग तिने खडू फळ्याच्या चौकटीवर ठेवला, अखंड होता तसा. फ्रॉकला हात पुसले. कोपऱ्यातला रिकामा गुंड उचलून कडेवर घेतला. सतरंजी ओली होती. ती वळसा घालून गेली नाही, सांडलेल्या पाण्यातून सरळ चालत गेली.

"मैना," बाईंनी हाक मारली. "मैना, अगं, सांगून तरी जा."

दारापासून फाटकापर्यंतच्या धुळीत तिची ओली पावले उमटत गेली. निंबाखाली उभी असलेली पंचफुला काही न विचारता तिच्यामागून निघाली.