लाकडी शेकाट्या

धाकटीने वाकून चिखलात मनगटापर्यंत हात घातला आणि लाकडी पक्ष्याची सळई हलवून पाहिली. सळई जागची हलेना. हातभर अंतरावर खरा शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उभा होता. एरवी माणूस इतकं जवळ आलं असतं, तर त्याने ओरडून सगळी पाणथळ डोक्यावर घेतली असती. आता तो जेमतेम दोन पावलं सरकला आणि पुन्हा लाकडी पक्ष्याला खेटून उभा राहिला.

"ओढू नकोस. फिरवून काढ," दादा काठावरून म्हणाला.

दादा तिचा थोरला भाऊ. आईबाबांच्या मागे पाणथळीच्या कडेच्या त्या घरात तो एकटाच राहायचा. शाळेतली नोकरी संपल्यापासून त्याचा दिवस दुर्बिणीत उगवायचा आणि दुर्बिणीतच मावळायचा. इथे लाकडी पक्षी उभे करायचं त्यानेच सुचवलं होतं. किनाऱ्यावर येऊन पडलेल्या फुटक्या होड्यांच्या फळ्या गोळा करून त्याने शहरात धाकटीकडे पाठवल्या, तिने त्यातून शेकाट्यांचा अख्खा थवा कोरला, आणि पाणथळीतलं ते प्रदर्शन बघायला लोक लोटले.

पहिला फसला तो दादाच. थवा यंदा लवकर आला, असं त्याने दुर्बीण डोळ्याला लावूनच तिला फोनवर सांगितलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी ते पक्षी तिथे उभे करून गेलेली धाकटी पोट धरून हसली होती. पुढे खरे थवे उतरले आणि त्यातला एक कडेच्या लाकडी पक्ष्याशेजारी येऊन राहिला, तेव्हा तर तिला स्वर्ग दोन बोटं उरला. त्या जोडीचा फोटो प्रदर्शनाच्या फलकावर लागला. खालची ओळ तिचीच होती: यातला खरा कोणता, ओळखा.

मग ऊन तापलं, पाणी आटत गेलं आणि थवे निघून गेले. हा गेला नाही. लाकडी पक्षी काढून घे, म्हणून दादाने फोन केला, तेव्हा ती म्हणाली, प्रदर्शन उरकू दे, मग बघू. त्याने पुन्हा फोन केला. तो चरायलासुद्धा लांब जात नाही, म्हणाला, आणि कुत्री आता पार आतपर्यंत यायला लागली आहेत. ती म्हणाली, बघते. हे बघते-बघते बरेच दिवस चाललं. शेवटी दादाने फोन करायचंच सोडलं आणि तेव्हा कुठे ती जागची हलली. आज पहाटेच गाडी काढून ती आली होती. बॅग अजून मागच्या सीटवरच होती, कारण दुपारी परत निघायचं होतं.

सळई एकदाची सुटली. बाकीचे लाकडी पक्षी आधीच काढून काठावर चादरीखाली ठेवले होते. हा शेवटचा. तो काखेत धरून ती वळली, तर खरा शेकाट्या तिच्या मागोमाग चालू लागला. तिला मान वर करवेना.

"झाक त्याला," दादा म्हणाला. "दिसू देऊ नकोस."

तिने डोक्याचा रुमाल सोडून पक्षी त्यात गुंडाळला. शेकाट्या थबकला. मागे गेला, सळईच्या खड्ड्याभोवती फिरला, एकदा चोच घालून पाहिलं. तिला वाटलं, आपण इथेच गाडून घ्यावं. कितीतरी वेळाने तो उडाला, पाणथळीवर एक फेरी मारली आणि समुद्राच्या बाजूला निघाला. दादाची दुर्बीण बराच वेळ खाली आली नाही.

"गेला?"

"गेला."

"थवा सापडेल त्याला?"

"उशीर झालाय. सांगता येत नाही."

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाला.

तो नाही म्हणेल, याची आपण वाट बघत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

दोघांनी मिळून लाकडी थवा गाडीत भरला. दादाने अंगणात बादली आणून ठेवली, तिने पाय धुतले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत एकच ताट पालथं घातलेलं दिसत होतं. दादा काडीने बुटांचा चिखल खरवडत बसला होता.

"त्यातला एक ठेवून जा की," तो मान वर न करता म्हणाला. "तो कडेचा. खिडकीत ठेवीन."

"कशाला?"

"काही नाही गं. कुणीतरी असल्यासारखं वाटतं."

तो हे अगदी सहज बोलला आणि दुसऱ्या बुटाला लागला. धाकटी ओल्या पायांनी तशीच उभी राहिली. एवढ्या सगळ्या फोनमध्ये, तू कसा आहेस, असं आपण त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तो पक्ष्याचं सांगायचा, आपण बघते म्हणायचो.

तिने गाडीचं मागचं दार उघडलं. रुमालातला पक्षी बाजूला सारला, त्याच्यामागची बॅग ओढून बाहेर काढली आणि पायरीवर नेऊन ठेवली.

दादा बॅगेकडे बघत राहिला. हातातली काडी थांबली होती.

"आणि पक्षी?" त्याने विचारलं.

"तो गाडीतच राहू दे," ती म्हणाली.