हा आवाज या आवृत्तीत उपलब्ध नाही

आमच्या जावईबापूंना रिकामं बसवत नाही. बसवलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. शनिवारी कन्येला घेऊन आले, जेवले, हात पुसले आणि थेट माझ्या लॅपटॉपसमोर जाऊन बसले. मी आत जरा आडवा झालो होतो. उठून बाहेर येतो तर पडद्यावर पांढरं चक्र गरगरतंय आणि हे महाशय छाती पुढे काढून उभे.

"बाबा, किती महिने अपडेट पुढे ढकलत होतात! करून टाकलं मी."

करून टाकलं! कुणी सांगितलं होतं? महिनोन्महिने ते 'आता नको' दाबण्याचं काम मी नेमानं करत होतो, ते काय मला उद्योग नव्हता म्हणून?

तो लॅपटॉप म्हणजे माझा गळा आहे. खरा गळा गेल्या वर्षी डॉक्टरांनी कापला आणि स्वरयंत्र काढून घेतलं. आता मानेवर पुढे एक भोक आहे, त्यातून श्वास जातो-येतो. बोलणं बंद. पण ऑपरेशनच्या आधी कन्येनं मला माइकसमोर बसवून ढीगभर वाक्यं वाचायला लावली होती आणि त्यातून मशीननं माझा आवाज तयार केला. मी टाइप करायचं, मशीननं माझ्या आवाजात बोलायचं. तोच घोगरा, तोच खेकसणारा. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलंय मी. 'अहो बाई, क्लच! पायपुसणं आहे का ते?' असं बोंबलून बोंबलून कमावलेला आवाज होता तो. अर्धं गाव त्या आवाजाला घाबरून गाडी शिकलं.

चक्र थांबलं. पडद्यावर कुठलासा डोंगर आणि तळं आलं. मला काय करायचंय डोंगर? खाली डावीकडे असलेली बटणं मधे येऊन बसली होती. कोपऱ्यात बाहेरचं तापमान दाखवत होतं, जसं काही मला खिडकी नाही. मी माझा बोलायचा प्रोग्रॅम उघडला, दोन बोटांनी टाइप केलं, 'हे काय करून ठेवलंत?' आणि बटण दाबलं.

एक तरुण पोरगा बोलला. गोड, गुळगुळीत. बँकेत फोन केला की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणतो ना, तसला. "हे काय करून ठेवलंत?" त्याच्या तोंडी ते कौतुकासारखं वाटलं. पडद्यावर बारीक अक्षरात लिहून आलं होतं: 'हा आवाज या आवृत्तीत उपलब्ध नाही. जवळचा पर्याय निवडण्यात आला आहे.'

जवळचा पर्याय म्हणे! कुणाच्या जवळचा?

वर्षभर मी टाइप केलेली माझी ठरलेली वाक्यंही पुसली गेली होती. त्यांच्या जागी मशीन स्वतःच सुचवायला लागलं: 'आपले खूप खूप आभार', 'काही हरकत नाही', 'आपला दिवस आनंदात जावो'. आयुष्यात मी कुणाला 'काही हरकत नाही' म्हटलेलं नाही. मला कायम हरकत असते.

बायको आतून आली, ऐकत उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून हसली. "अहो, राहू द्या की हाच. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा इतकं गोड बोलताय."

जावयावर ओरडता येत नाही. एरवी रिवाज म्हणून, त्या दिवशी गळा नाही म्हणून. ते दुपारभर मदतकेंद्राशी टाइप करत बसले. तिकडून उत्तर यायचं, 'आम्ही आपली गैरसोय समजू शकतो. कृपया संगणक बंद करून पुन्हा चालू करा.' गाडी भिंतीवर आदळल्यावर मी जर कुणाला सांगितलं असतं, की आता खाली उतरा आणि परत बसा, तर लोकांनी मला चपलेनं मारलं असतं. यांना पगार मिळतो.

आता खरी अडचण सांगतो. माझी आई. धाकट्या भावाकडे असते, इथून तासाभराच्या गाडीवर. डोळे पूर्ण गेलेत, कान मात्र असे, की शेजारच्या घरात चमचा पडला तर कुठला पडला ते सांगेल. तिला माझं ऑपरेशन सांगितलेलं नाही. मीच बजावलं होतं सगळ्यांना, खबरदार कुणी बोललात तर. या वयात तिला कशाला तो घोर? 'ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फार काम आहे, यायला जमत नाही,' असं सांगून मी रोज संध्याकाळी फोन करत होतो, लॅपटॉपच्या स्पीकरजवळ फोन धरून, माझ्याच आवाजात. उत्तराला उशीर व्हायचा, तर फोनची लाइन खराब आहे असं धाकट्यानं तिला पटवून दिलं होतं. वर्षभर बिनबोभाट चाललं होतं सगळं.

शनिवारी संध्याकाळी बायकोनं आईला फोन करून सांगितलं, की मी बाहेर गेलोय. रविवारी दुपारी धाकट्याचा फोन आला. तो कुजबुजत बोलत होता, "दादा, आई कालपासून जेवली नाही. नुसती बसून आहे. काहीतरी कर."

"सोपं आहे," जावईबापू म्हणाले. यांना सगळं सोपं असतं. "नवीन आवाज आहेच ना? ऑफिसमधला माणूस म्हणून बोला. सर परगावी गेलेत, खुशाल आहेत, दोन दिवसांत फोन करतील. आजी जेवतील, तोवर मी जुना आवाज शोधतो."

माझी अवस्था बघा. या माणसाचा सल्ला मला ऐकावा लागला, कारण दुसरा नव्हता.

धाकट्यानं फोन आईच्या हातात दिला.

"नमस्कार आजी," पोरगा बोलला. "मी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसमधून बोलतोय. सर कामासाठी परगावी गेले आहेत. त्यांची तब्येत उत्तम आहे. काळजी करू नका."

आईचा आवाज आला, पण ती माझ्याशी नाही, धाकट्याशी बोलत होती. "जा रे, चहा टाक माझ्यासाठी. आणि दार ओढून घे." मग फोन तोंडाजवळ घेऊन हळूच म्हणाली, "बाळा, तू बाहेरचा आहेस. तू तरी खरं सांगशील. माझा मोठा गेला ना रे?"

मी 'आई' एवढं टाइप केलं, तोवर ती पुढे बोलायला लागली.

"हे लोक मला सांगत नाहीत," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी त्याची टेप लावून देतात. आवाज त्याचाच आहे, पण तो माणूस नाही त्यात. मी बोलते, मग बराच वेळ काही नाही, मग उत्तर येतं. माझ्या मुलानं जन्मात माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. मुद्दाम शिव्या घालून बघितल्या मी त्याला. शांतपणे ऐकून घेतो! असा माणूस जिवंत असतो होय? पण म्हटलं जाऊ दे. धाकटा बिचारा एवढा आटापिटा करतो, म्हातारीला कळू नये म्हणून. त्याचं समाधान होतंय ना, होऊ दे. मीही बोलते मग त्या टेपशी. काल टेपही बंद झाली, तेव्हा मात्र राहवेना. कधी गेला रे तो?"

वर्षभर आम्ही तिला फसवत होतो आणि ती आम्हाला सांभाळून घेत होती. माझ्या अकलेचं एवढं दिवाळं मी कधी पाहिलं नव्हतं. मी चुकतमाकत टाइप केलं आणि बटण दाबलं.

"आई, मीच आहे. मी जिवंत आहे," तो गुळगुळीत पोरगा म्हणाला.

आई तुच्छतेनं म्हणाली, "लाज वाटते का रे तुला?" आणि फोन बंद झाला.

मी गाडीची किल्ली उचलली. जावईबापू "मी येतो, मी येतो" करत लॅपटॉप काखेत मारून पाठोपाठ आले. ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली. ते त्या बाजूला बसले, मांडीवर लॅपटॉप, डोळे पडद्यावर, आणि मी वळण घेतलं की पाय ब्रेकवर. दोनदा गाडी रस्त्यात थांबवली त्यांनी. माणूस आहे की गतिरोधक! तोंडानं 'पाय काढा' म्हणायची सोय नाही, म्हणून मी त्यांच्या गुडघ्यावर फटका मारला. नातं गेलं खड्ड्यात.

गाव जवळ आलं तसे ते ओरडले, "सापडला बाबा! जुना आवाज अपडेटनं दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला होता. बसवतो आता!" त्यांना वाटलं मी त्यांना मिठी मारीन.

धाकट्यानं दार उघडलं, त्याचे डोळे लाल. आई खाटेवर ताठ बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"आई, दादा आलाय," धाकटा म्हणाला.

"पुरे झालं," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसलो आणि तिचा हात धरून माझ्या तोंडावर ठेवला. तिनं चाचपून पाहिलं. पूर्वी माझे गाल भरलेले असत, मिशी झुपकेदार. आजारात गाल बसले आणि मिशी मीच उतरवली. तिची बोटं ओठांवर थांबली आणि मागे गेली.

"कुणाला धरून आणलंत? हा किती हडकुळा आहे. बोलत का नाही?"

सख्ख्या आईसमोर बसून मी मीच आहे हे मला सांगता येईना. तेवढ्यात जावईबापूंनी लॅपटॉप पुढे सरकवला. "आजी, ऐका, ऐका! बाबांचा आवाज परत आला!" आणि बटण दाबलं.

"नमस्कार. ही आवाजाची चाचणी आहे. आपला दिवस आनंदात जावो," माझा आवाज म्हणाला. माझा स्वतःचा, घोगरा, ज्याच्यासाठी मी दोन दिवस जीव टाकत होतो.

आईनं अंग चोरलं. "बंद करा ते! मेलेल्या माणसाला किती दिवस बोलवणार आहात?"

माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉपचं झाकण धाडकन आपटलं, जावयाच्या बोटांसकट. ते कळवळले. मी लॅपटॉप ओढून खाटेखाली भिरकावला, वर त्यांच्या नावानं कडाकडा बोटं मोडली आणि स्टुलाला लाथ घातली. तोंडातून शब्द एक नाही, पण शिव्या सगळ्या दिल्या. भोकातून श्वास फसफसत होता.

आई ऐकत होती. मान एका बाजूला कलती करून, शेवटच्या आवाजापर्यंत.

"इकडे ये," ती म्हणाली.

मी गेलो. तिनं माझा कान धरला, धरून खाली ओढला, मग हात गालावरून मानेवर आला. गळ्याला बांधलेल्या रुमालाखाली तिच्या बोटांना ते भोक लागलं. श्वास लागला. ती तिथेच थांबली.

"इथून घेतोस होय श्वास?"

मी तिच्या हाताखाली मान हलवली.

"वर्षभर रडले मी तुला, गाढवा," आई म्हणाली. "रोज तुझा फोन ठेवला, की रडायचे."