खालचा झरोका

चांगल्या गाडीच्या छपराला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं म्हटलं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. हद्दूने तर सकाळपासून तीनदा चौकोन आखून पुसला होता. डोंगरातल्या अझरू गावी, त्यांच्या गल्लीत, जुन्या व्हॅनच्या छपरावर तो गुडघे टेकून बसला होता. पुढ्यात पेन्सिलीने आखलेला चौकोन, हातात विजेची करवत, आणि खाली शिडी धरून उभी असलेली त्याची आई इत्तो. तिच्या हातांपेक्षा तिचं तोंडच जास्त चालू होतं.

"लोक गळकं छप्पर बुजवतात. माझा लेक धडक्या छपराला भगदाड पाडतोय! अख्खी गल्ली हसतेय बघ."

"हसू दे. तू शिडी धर."

"धरलीय. तू पडलास तर वर गेल्यावर तुझ्या बापाला मी काय सांगू?"

"वर जायच्या गोष्टी करू नकोस," हद्दू खेकसला आणि त्याने करवत सुरू केली, म्हणजे पुढचं काही ऐकू यायला नको.

वर जायच्या गोष्टीनेच तर त्याची झोप उडवली होती. इत्तोची छाती आधीच दुखणाईत. डोंगरातला हिवाळा तिला सोसत नसे, म्हणून दरवर्षी थंडी पडली की तो तिला घाट ओलांडून दक्षिणेला, खजुरीच्या बनांच्या मुलखात घेऊन जायचा. तिकडे तिची लेक दिलेली होती. पण जावयाच्या घरी मुक्काम ठोकायचा म्हटलं की इत्तोच्या कपाळावर आठ्या पडायच्या. म्हणून ही व्हॅन. टॅक्सी चालवून चालवून कंबर कामातून गेल्यावर हद्दूने ती जुनी विकत घेतली आणि तिच्यात दोन बिछाने, गॅस आणि एक कपाट एवढा संसार थाटला. लेकीच्या दाराशी गाडी उभी करायची, शुक्रवारचा वाफवलेल्या रव्याचा कुसकुस तिच्याकडे खायचा आणि झोपायचं आपल्या गाडीत. इत्तोचा मानही राहायचा आणि पोटही भरायचं.

मागच्या हिवाळ्यात मात्र गाडीनेच दगा दिला. दोन माणसांचे श्वास, चहाची वाफ, धुतलेले कपडे, सगळी ओल आतच कोंडून राहायची. सकाळी छताला थेंब लटकलेले असायचे. एक दिवस इत्तोची गादी उचलून पाहिली तर खालून काळीकुट्ट बुरशी. तिची छाती अशी भरली की तिला इस्पितळात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हद्दूला बाहेर बोलावून सांगितलं, "या फुप्फुसांना असा आणखी एक हिवाळा झेपणार नाही." ते वाक्य तेव्हापासून त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. नमाजाला वाकला तरी आठवायचं, भाकरीचा तुकडा मोडला तरी आठवायचं.

म्हणून या वर्षी त्याने गाडीला हात घातला तो मुळापासून. दारांचं आणि खिडक्यांचं कुजलेलं रबर काढून नवं बसवलं. पावसाचं पाणी झिरपायचं त्या फटी सिलिकॉनने भरल्या. गाद्यांखालची सलग फळी काढून तिथे पट्ट्या ठोकल्या, म्हणजे खालून वारा खेळेल. छपरातल्या भोकात झाकणाचा पंखा बसवला. त्याचा दांडा फिरवला की झाकण उघडायचं आणि आतली दमट हवा बाहेर फेकली जायची.

"आई, हमामखान्याच्या घुमटाला भोकं कशाला असतात?"

"उजेडाला."

"वाफेला गं! वरून वाफ गेली तर खालून कोरडी हवा आत यायला हवी. म्हणून खाली दुसरा झरोका."

हा दुसरा झरोका कुठे पाडायचा यावर हद्दूने किती दिवस डोकं खाजवलं, ते त्यालाच ठाऊक. येणारी हवा गार असणार. ती आईच्या अंगावर यायला नको. शेवटी त्याने तो स्वतःच्या बाकाशी, झोपल्यावर बरोबर कमरेजवळ येईल असा पाडला आणि त्याला उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी लावली. तिथेच का पाडला, हे काही त्याने इत्तोला सांगितलं नाही.

तिला सांगायची गरजही नव्हती. तिने जाळीपुढे तळवा धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"हे थेट तुझ्या कमरेवर येतंय की रे."

"येऊ दे."

"येऊ दे काय? कमरेत वारं भरलं की माणूस आयुष्यातून उठतो. तुझ्या मामाचं काय झालं?"

"मामा खेचरावरून पडला होता."

"पडला का? कमरेत वारं भरलं होतं म्हणूनच पडला ना!"

या युक्तिवादापुढे हद्दूने हात टेकले. "एक लक्षात ठेव," तो म्हणाला, "काच आतून घामेजली की समजायचं हवा अडली. आणि तुझी ती मातीची शेगडी घरीच राहील. गाडीत कोळसा पेटवायचा नाही."

"राहील," इत्तो म्हणाली. ती इतक्या चटकन कबूल झाली, तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता. पण तो पंख्याचे स्क्रू पुन्हा एकदा आवळण्यात गुंतला होता.

निघाले त्या दिवशी आभाळ राखाडी होतं. घाटाच्या अलीकडच्या गावापर्यंत पोहोचतात तोच बर्फ सुरू झालं आणि रस्ता अडवणारा आडवा दांडा खाली आला. रस्ता बंद. ट्रक, बस, टॅक्स्या, सगळे एकामागे एक खोळंबले. हद्दूने गाडी रांगेत लावली आणि आधी मागे वळून आईचा श्वास ऐकला. घरघर होती, पण नेहमीचीच.

इत्तो कमरेला हात लावून बसली होती. "कंबर धरलीय मेली," ती पुटपुटली.

"तरी म्हणत होतो, दोन दिवस थांबून निघू."

"थांबलो असतो तर छाती धरली असती. चहा टाकते."

पण गॅस पेटेना. थंडीने बाटलीतला गॅस पार गारठून बसला होता, नळी हलवली, बाटली हलवली, नुसती एक निळी जीभ लपलपली आणि विझली. गरम पाण्याच्या दोन बाटल्या तरी तिच्या पांघरुणात द्याव्यात, असं हद्दूच्या मनात होतं. आता तेही नाही.

"मी पुढे जाऊन विचारून येतो, दांडा कधी उघडणार ते. कुठे गरम पाणी मिळालं तर आणतो. वरचं झाकण उघडं ठेव. आणि पांघरूण घे."

"घेते रे बाबा. जा."

दांड्याजवळ ही गर्दी. शिपाई कुणालाच धड उत्तर देत नव्हता. एक बस तिरकी होऊन चरात अडकली होती, तिला सगळ्यांनी मिळून धक्का दिला. हद्दूच्या शेजारी कांद्याचा ट्रकवाला होता, मिमून नावाचा, गलेलठ्ठ आणि बोलघेवडा. बस निघाल्यावर त्याने थर्मासमधला चहा हद्दूला दिला. गरम चहा पोटात गेल्यावर हद्दूची जीभ सैल झाली.

"रात्र काढावी लागली तरी मला फिकीर नाही," तो म्हणाला. त्याच्याइतका फिकीर करणारा माणूस त्या रांगेत दुसरा नव्हता, ही गोष्ट वेगळी. "गाडीला मी नवी सोय केलीय. वरून दमट हवा बाहेर, खालून कोरडी हवा आत. आतल्या काचेवर दवाचा थेंब दिसला तर माझं नाव बदल."

"दाखव की दादा. माझ्या केबिनमध्ये तर हिवाळाभर पाऊस पडतो."

दोघे व्हॅनकडे निघाले. हद्दू हातवारे करत सांगत होता, आणि सांगता सांगता थबकला. छपरावरचं झाकण बंद होतं. त्यावर बर्फाचा थरही बसला होता. त्याने खिडकीकडे पाहिलं. काच आतून पांढरी झाली होती आणि तिच्यावरून पाण्याचे ओघळ उतरत होते.

"आई!"

सरकतं दार आतून बंद. एवढ्या ट्रकवाल्यांत एकटी बाई, तिने कडी घातली असणार. त्याने दारावर मुठी आपटल्या. उत्तर नाही. पुढच्या दाराची किल्ली खिशातून काढली, पण कुलूप गोठलं होतं, किल्ली अर्ध्यातच अडली. रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून त्याने खिडकीवर घातला, ज्या खिडकीचं रबर त्याने इतक्या निगुतीने बसवलं होतं तिच्यावरच. हात आत घालून कडी काढली. मनगट चिरलं, ते त्याला नंतर कळलं.

आत खालीच शेगडी होती. मातीची, घरी राहणार होती तीच. निखारे लालबुंद, धुराचा मागमूस नाही. वर किटलीत शीबा या औषधी झुडपाची कडू पानं उकळत होती. इत्तो बिछान्यावर टेकून बसली होती, गाल गुलाबी, डोळे मिटलेले, मान छातीवर. इतकी शांत की हद्दूला हंबरडा फोडावासा वाटला.

"उचल!" मिमून मागून ओरडला. "नुसता बघत काय बसलास? बाहेर काढ मावशीला! निखाऱ्याचं विष चढलंय तिला!"

दोघांनी तिला बर्फात बाहेर आणलं. मिमूनने आपला जाडजूड झगा खाली अंथरला. हद्दू तिचे गाल थोपटत होता, नाव घेऊन हाका मारत होता, मध्येच देवाला काहीबाही कबूल करत होता. बऱ्याच वेळाने तिने एक मोठा श्वास घेतला, ओकली, आणि डोळे किलकिले करून म्हणाली, "डोकं फुटतंय. किटली उतरव, जळेल."

गावातल्या दवाखान्यात तिला प्राणवायूचा मुखवटा लावला. धोका टळलाय, पण उद्यापर्यंत इथेच ठेवू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हद्दू पांघरूण आणायला म्हणून गाडीत आला आणि मटकन आपल्या बाकावर बसला. झाकण तिने बंद केलं, ठीक आहे. वरून बर्फ पडत असेल आत. पण खालचा झरोका तर होता. तेवढा तरी आधार मिळायला हवा होता तिला.

त्याने जाळीपुढे तळवा धरला. वारं नव्हतंच.

जाळी काढून त्याने आत बोटं घातली. काहीतरी मऊ, घट्ट कोंबलेलं लागलं. ओढलं तर येतच राहिलं, हातभर, दोन हात, आणखी. लोकरीचा विणलेला पट्टा होता. लाल, कडेला काळी नक्षी. इत्तोचा कंबरपट्टा. पहिल्या बाळंतपणापासून तो तिच्या कमरेला होता. हद्दूने तिला त्याच्याविना कधी पाहिलंच नव्हतं. आणि दिवसभर ती कमरेला हात लावून बसली होती.

हद्दू तो पट्टा मांडीवर घेऊन एकट्यानेच रडला. संताप होता, लाज होती आणि भीती तर अजून गेलीच नव्हती. एक पट्टा आणि एक झाकण, एवढ्यानेच ती गेली असती.

दुसऱ्या दिवशी तिचा मुखवटा काढल्यावर त्याने तिला फैलावर घेतलं. "शेगडी आणू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

"निखारे बाहेरच फुलवले होते मी. धूर पार निघून गेल्यावर आत घेतली. मी काय वेडी आहे? माझी आई जन्मभर अशीच घेत आली."

"तुझ्या आईच्या घराच्या फटींतून मांजर ये-जा करायचं! ही गाडी मी बाटलीसारखी बंद केलीय. आणि निखाऱ्याचं विष दिसत नाही, त्याला वास नाही." त्याने पट्टा तिच्यापुढे धरला. "आणि हे?"

इत्तोने मान फिरवली. "तुझी कंबर."

"आणि तुझी?"

"माझी कंबर आता कुठे गाडी चालवणार आहे?"

हद्दूने पट्ट्याची घडी घातली. फुटलेल्या खिडकीला त्याने पुठ्ठा लावला. शेगडी मिमूनला देऊन टाकली, ती उघड्यावरच पेटवायची अशी शपथ घालून. रस्ता उघडला आणि ते घाट चढून पलीकडे उतरले. पलीकडे ऊन होतं. कोरडं, पिवळं ऊन, आणि लांबवर उघडे डोंगर.

दुपारी त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली. पंखा सुरू केला, झाकण पुरतं उघडलं. इत्तो त्याच्या बाकाला लागून असलेल्या आपल्या उंच बिछान्यावर आडवी झाली. त्याने पट्टा तिला देऊ केला तर तिने तो परत ढकलला.

"तू बांध. वारं येऊ द्यायचंय ना? मग बांधून झोप."

त्याने सदऱ्याखाली पट्टा गुंडाळला. कमरेला फेऱ्यावर फेरे, बायकी नक्षीचे. कुणी पाहिलं असतं तर वर्षभर चेष्टा झाली असती. मग तो झरोक्याशी पाठ करून पडला. गार हवा पट्ट्यावर येऊन लागत होती. त्याला वाटलं होतं, आपण जागं राहून तिचा श्वास ऐकत राहू. पण कालचा शीण होता, डोळा लागला.

जाग आली ती दचकून. गाडीत काही आवाज नव्हता. पंख्याची घरघर तेवढी, तिच्यात दुसरी घरघर ऐकूच येईना. त्याच्या अंगावरून आईचा हात खाली लोंबकळत होता, तळवा जाळीपुढे. त्याने तो हात धरला. बर्फासारखा गार.

वरून झोपाळलेला, वैतागलेला आवाज आला, "येतंय रे वारं. मी बघतेय. तू झोप."