कालवडीसमोर टांगलेली वीट

मित्रांनो, मी एक जुनी चाटणवीट आहे. माझा आता तळहाताएवढाच तुकडा उरला आहे. एवढ्याशा तुकड्याने आपली कहाणी सांगावी का, याची मला खात्री नाही. पण गप्पही बसवत नाही.

१९९८ साली अंबडच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. मिठात तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन यांचे चिमूटचिमूट क्षार मिसळून मला दाबून घडवले. मध्ये दोरीसाठी भोक ठेवले. जनावरांनी चाटावे आणि मी झिजावे, एवढेच माझे काम.

मखमलाबादच्या गोटीरामने मला द्वारका चौकातल्या दुकानातून आणले. झेंडू आणि मेथी पिकवणारे ते घर. त्यांची सात महिन्यांची कालवड खंगत चालली होती. केस राठ झाले होते, बरगड्या दिसत होत्या. आदल्या वर्षी असेच एक वासरू दगावले होते. त्याविषयी कोणी बोलत नसे, पण कालवडीकडे पाहताना सगळ्यांच्या मनात तेच येई.

गोटीरामने मला दावणीवर टांगले आणि तो फुले घेऊन बाजारात गेला. कालवड धडपडत आली. जीभ मात्र माझ्यापर्यंत पोहोचेना. तिच्या तोंडाला मुसके होते, सुतळीची घट्ट जाळी. ती माती खाई, म्हणून गोटीरामच्या आईने, गोजराबाईने, ते स्वतः विणून बांधले होते. दूध-चाऱ्यापुरते ते निघे आणि शेवटचा घास संपताच पुन्हा चढे.

असे चार दिवस गेले. कालवड नाक घासत राही. मी हेलकावे खात खांबावर आपटत राही. तिला हवे ते माझ्याजवळ होते, आणि मला हाक मारता येत नव्हती.

पाचव्या सकाळी शेण काढताना सून प्रतिभा थबकली.

"आत्या, बघा ना. जाळीला पांढरं लागलंय. ही जाळीच चोखतीय."

"चोखू दे. सोडलं की माती खाईल. मागचं मोकळंच होतं, गेलं ना?"

"डॉक्टर म्हणले, अंगात क्षार कमी पडले की जनावर माती चाटतं."

"लय डाक्टरीण झाली!"

"मग तोंड बांधून वीट कोणासाठी टांगली? मी चाटू का?"

गोजराबाईला हसू आले, पण ते टिकले नाही. "मी बांधलं, मीच सोडते," ती म्हणाली.

मुसके सुटले. कालवड सरळ भिंतीकडे गेली आणि माती चाटू लागली.

"बघ! काय म्हणत होते?"

मी शरमले. आपण कुचकामीच आहोत, असे वाटले. प्रतिभाने मात्र माझी दोरी सैल केली आणि मला कालवडीच्या तोंडाशी धरले. कालवडीने हुंगले, मान झटकली. मग तिची खरखरीत जीभ माझ्यावरून फिरली. पुन्हा फिरली. मग थांबेचना.

गोजराबाई मुसके हातात घेऊन बघत राहिली. मग ती म्हणाली, "मागच्यालाबी हेच पायजे होतं का गं?"

प्रतिभाने माझी दोरी कालवडीच्या तोंडाच्या उंचीवर पक्की बांधली.

कालवड जगली. मीच तिला वाचवले असे म्हणवत नाही. जंतांचे औषधही दिले होते. पण मित्रांनो, मला अजून स्वस्थता नाही. कुठेतरी एखादे वासरू भिंत चाटत असेल. त्याचे तोंड बांधण्याआधी ते काय शोधत आहे, एवढे विचारून पाहा.