विहिरीतला गाळ

पूर येऊन सहा वर्षं झाली होती, तरी नाग नदीकाठच्या त्या वस्तीत निम्मी घरं अजून टिनाचीच होती. प्रताप नगरातल्या शाळेत शिकवणारी उत्तरा दर रविवारी चार-पाच सोबत्यांना घेऊन तिथं यायची. वस्तीतल्या लोकांबरोबर त्यांनी भिंती उभ्या केल्या, नाल्या मोकळ्या केल्या. विहिरीला मात्र कुणी हात लावू देत नव्हतं. पुरात ती गाळानं भरली होती, आणि बाया पाण्यासाठी रेल्वे लाइन ओलांडून नळावर जायच्या.

“दारात विहीर असताना एवढ्या लांब काहून?” उत्तरानं म्हाताऱ्या भीमाबाईंना विचारलं.

“गोपिकाले विचार, पोरी. तिचा जीव अडकला हाये त्या विहिरीत.”

गोपिकाचा नवरा कवडू पुराच्या सकाळी विहिरीपाशी बांधलेल्या शेळ्या सोडायला गेला, तो परतलाच नाही. प्रेतही सापडलं नाही. तो विहिरीतच आहे, असं गोपिकानं मनाशी धरलं होतं, आणि वस्तीनं तिचा शब्द राखला होता.

उत्तरा गेली तेव्हा गोपिका विड्या वळत बसली होती. “विहीर उपसू नका,” मान वर न करता ती म्हणाली. “माहा मालक हाये तिच्यात. मातीसारखा घमेल्यात भरून काढान का त्याले?”

उत्तरा नुसती तिच्याजवळ बसून राहिली. पुढेही दर रविवारी थोडा वेळ बसायची. विहिरीचा विषय मात्र तिनं काढला नाही.

एप्रिलात पाण्यानं भरलेली पितळी गुंडी डोक्यावर घेऊन लाइन ओलांडताना भीमाबाई पडल्या. मनगट मोडलं. त्या रविवारी गोपिका आपणहून आली.

“काढा गाळ. पण मी इथंच बसन. अन् तो निघाला, तर घाई करू नका.”

“तुम्ही सांगाल तसंच होईल,” उत्तरा म्हणाली.

कवडूचा धाकटा भाऊ बळीराम दोर बांधून आत उतरला. घमेली वर येऊ लागली. प्रत्येक घमेल्यात गोपिका वाकून बघायची. फुटका घडा निघाला, एक चप्पल निघाली. चप्पल तिनं उलटसुलट करून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

दुपारी गाळातून हाड वर आलं. सगळे थांबले. उत्तरानं गोपिकाचा हात धरला. पुढच्या घमेल्यात कवटी आली, शिंगांसकट.

“शेळी हाये वं,” भीमाबाई म्हणाल्या. “शेळी!”

तिसऱ्या रविवारी आतून बळीरामची हाक आली. “वहिनी! खडक लागला! हातानं सारी चाचपली, दादा नाई इथं! अन् झरा फुटून राहिला!”

गोपिका गुडघ्यात डोकं घालून मोठ्यानं रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

“सहा वर्षं मले वाटे, तो खाली अंधारात पडला हाये, अन् आपण वरून चालून राहिलो.” तिनं लांब श्वास सोडला. “नदीनं नेलं असन त्याले. कन्हान नदीपर्यंत गेला असन. उघड्यावर तरी गेला.”

पाणी निवळायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी उत्तरा आली, तेव्हा लांबूनच तिला भांडण ऐकू आलं. विहिरीवर बायांची गर्दी होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज गोपिकाचा होता.

“माह्या नंबरात काहून घुसून राहिली वं? सकाळपासून उभी हावो मी!”

उत्तरा हसू दाबत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिला तहान लागली होती.