हुकलेली हाक

एकाच घरात दोन जावा, आणि ऑफिसातही एकाच भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या त्याच दोघी. म्हटलं तर भांडणाला आमंत्रणच. पण सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "माझ्या सुना भांडतात, पण यंत्रावरून. घरातलं त्यांना काही दिसतच नाही."

थोरलीने कर्नल लिहिला होता. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम. बाकीच्या प्रोग्रॅमना कामाला उठवायचं आणि काम नसलं की झोपवायचं, हा त्याचा धंदा. धाकटी नुकतीच लागली होती, अजून कायम व्हायची होती, आणि तिच्या वाट्याला गजर आला होता.

यंत्र होतं अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास पुरवणारं. नळी दबली, हवा अडली, की गजर झालाच पाहिजे. तपासणीच्या खोलीत बाळाच्या जागी एक रबरी पिशवी लावलेली असे आणि एक लोखंडी चिमटा दिवसभर नळी दाबत-सोडत बसे. गजर व्हायचा. कधीतरी, अगदी कधीतरी, व्हायचा नाही. पिशवी मलूल पडून राहायची आणि यंत्र आपलं ढिम्म.

आता दोष कुणाचा? ज्याचा गजर त्याचा, हे तर उघडच. विभागप्रमुखांना सगळे मागून 'तारीखवाले' म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य तारखेवर जाऊनच थांबे. ते धाकटीला म्हणाले, "कर्नल कित्येक वर्षं चालतोय, तो चुकणार नाही. नवीन आहे तो तुमचा गजर. तारखेच्या आत दोष निघाला नाही, तर तुम्हाला कायम करणं माझ्या हातात राहणार नाही."

या धंद्यातला कुणीही जे करेल तेच धाकटीने केलं. गजराच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: प्रत्येक पावलाला 'आता बघतोय', 'आता झोपतोय' असं पडद्यावर छापत जा. म्हणजे चोर कुठे शिरतो ते कळेल. आणि काय आश्चर्य, चोर यायचाच बंद झाला. चिमटा दाबून दाबून दमला, गजर एकदाही चुकला नाही. धाकटीने ती ओळ तशीच राहू दिली आणि दोष गेला म्हणून सांगून टाकलं. तारीखवाल्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं.

घरी भांडी विसळता विसळता थोरलीने विचारलं, "काय बदललंस गं?"

"फारसं काही नाही. एक ओळ छापते."

थोरलीने नळ बंद केला. "अगं, छापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात सगळ्यांची पावलं मागेपुढे होतात. पाहुणे आले की कारटं शहाण्यासारखं बसतं ना, तसा आहे तुझा दोष. पाहुणे गेले की बघ."

हे धाकटीला ठाऊक नव्हतं असं नाही. मनातल्या मनात ठाऊक होतं, म्हणून तर दोन दिवस जेवण गोड लागत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "ताई, ती ओळ तशीच राहू दिली तर?"

"राहू दे की. बाळाला सांगू, ओळ छापून होईस्तोवर दम धर म्हणून."

धाकटीच्या हातातलं ताट तिथेच राहिलं. सकाळी ऑफिसात जाऊन तिने स्वतःच ती ओळ काढली, आणि तारीखवाल्यांना सांगूनही आली. ते काय म्हणाले ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

थोरली तोवर एक राखणदार, म्हणजे बाकीच्यांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम, लिहायला बसली होती. धाकटी मागे उभी राहून बघत होती. नळी दबली की एक प्रोग्रॅम झोपलेल्या गजराला उठवायला हाक मारतो. या हाक मारणाऱ्याने हाक मारली की आपल्या आकड्यात एक वाढवायचा. ऐकणाऱ्याने, म्हणजे गजराने, ती घेतली की त्याने आपल्या आकड्यात. राखणदाराने अधूनमधून यायचं आणि दोन्ही आकडे बघायचे. जुळत नाहीत आणि ऐकणारा झोपलाय? लगेच बोंब ठोकायची नाही, जरा वेळाने परत यायचं. अजून तसंच? मग हाक हुकली. हाक आली तेव्हा ऐकणारा कुठल्या ओळीवर होता, तेवढं सांगून मोकळं व्हायचं.

"आकडा वाढवायला वेळ लागत नाही," थोरली म्हणाली. "चोराला चाहूल लागणार नाही."

धाकटी बघतच राहिली. ती इतके दिवस तो क्षण पकडायला धावत होती. ताईंनी क्षण खुशाल जाऊ दिला आणि तो मागे काय ठेवून जातो तेवढंच मोजलं. इतकं साधं सुचायला केवढी अक्कल लागते, या विचाराने तिला भरूनच आलं.

"ताई, हा तुमच्या कर्नलमध्येही बघणार?"

"त्याला नातीगोती नाहीत."

दुपारी तारीखवाले खोलीत येऊन उभे राहिले. चिमटा दाबत होता, गजर वाजत होता. मग एकदा पिशवी मलूल झाली आणि गजर झालाच नाही. थोड्या वेळाने राखणदाराने पडद्यावर ओळ दाखवली. ती गजरातली नव्हती. कर्नलमधली होती, झोपवण्याच्या कामातली.

थोरलीने ती वाचली आणि खुर्चीत मागे रेलून बसली. "हं. गजराने पाहिलं, काम नाही. झोपायला निघाला. तेवढ्यात हाक आली. हाक मारणाऱ्याने पाहिलं, हा तर जागाच आहे, कशाला उठवायचं? तो निघून गेला, आणि हा झोपला."

"ही ओळ कोणाची?" तारीखवाल्यांनी विचारलं.

"जुनी आहे हो, असेल कोणाचीतरी," धाकटी घाईघाईने म्हणाली.

"माझी," थोरली म्हणाली. "पहिल्या दिवसापासूनची. आधी 'मी झोपलो' असं जाहीर करायचं, मग परत एकदा बघायचं आणि मगच पडायचं. ते परत बघणं मी ठेवलंच नाही. आणि तुम्ही निघाला होतात चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला."

तारीखवाल्यांचा चेहरा उतरला. "हाच कर्नल बाहेरच्या सगळ्या यंत्रांत आहे."

"सगळी थांबवायची. दवाखान्यांना आजच कळवू. चूक कर्नलमध्ये आहे आणि कर्नल माझा आहे, असं स्पष्ट लिहू. सही माझी."

तारीखवाले पहिल्यांदाच तारीख न सांगता गेले. थोरलीने दुरुस्ती केली. चिमटा पुन्हा सुरू झाला, संध्याकाळ झाली तरी दोन्ही आकडे जुळलेलेच होते. धाकटीने तोवर धरून ठेवलेला प्रश्न शेवटी विचारला.

"ताई, राखणदार लिहिताना तुम्हाला संशय होता?"

"होता."

"कुणाचा?"

थोरली कळवायचा मजकूर लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझा गजर मी आधीच वाचला होता, ओळ न् ओळ. त्यात काही चूक नव्हती. मग उरलं कोण?"